खडकात पाणी दाबा, पण दाबाची वही उघडी ठेवा

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. देशात जे तेल सापडलेलं आहे, ज्याच्यावर विहिरी खोदून झाल्या आहेत, त्यातलंही बरंचसं खडकातच राहून जातं. मोकळ्या वाळूच्या खडकात नुसत्या नैसर्गिक दाबावर साधारण दहा ते वीस टक्के तेल वर येतं. मग एका विहिरीतून पाणी दाबायचं आणि दुसरीतून तेल काढायचं, असं केलं की आकडा तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत चढतो. घट्ट खडकात मात्र पहिल्या फेरीत पाच-दहा टक्के मिळालं तरी पुष्कळ झालं म्हणायचं. उरलेलं नव्वद टक्के तेल कुठं आहे हे ठाऊक असतं, पण ते हाताला लागत नाही.

राजस्थानातल्या बाडमेरमध्ये आणि गुजरातच्या खंभात खोऱ्यात असे घट्ट खडक आहेत. त्यांच्यातून जास्त तेल काढायला सरकारने दार उघडलं आहे. 2018 मध्ये जुन्या क्षेत्रांतून जादा तेल काढणाऱ्या पद्धतींना सवलती देणारं धोरण आलं. मार्च 2025 मध्ये संसदेने 1948 च्या तेलक्षेत्र कायद्याची दुरुस्ती पुरी केली आणि शेल नावाच्या मातकट थरांच्या खडकातलं आणि घट्ट खडकातलं तेलही कायद्याच्या व्याख्येत नीट बसवलं. हे काम व्हावं असंच माझं मत आहे. पण त्याला एक अट कायद्याने घातली पाहिजे. खडकात पाणी दाबणाऱ्या प्रत्येक विहिरीची वही लोकांसाठी उघडी हवी. पाणी कुठलं, किती आणि किती दाबाने आत गेलं, एवढं त्या वहीत रोज लिहिलेलं असावं आणि कुणालाही ते वाचता यावं.

बाडमेर कुठं आणि सातारा कुठं, असं कुणी म्हणेल. पण खडकातल्या पाण्याचा दाब वाढला की काय होऊ शकतं, हे देशात कुणाला अंगावर झेललेल्या अनुभवातून माहीत असेल तर ते कोयनेच्या काठच्या लोकांना. आणि पाणी नसलं की काय होतं, हे माण-खटाव, जत-आटपाडीला कुणी शिकवायला नको. या प्रश्नावर सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांनी बोलायला हवं, ते त्यामुळे.

आधी घट्ट खडक म्हणजे काय ते पाहू. खडकातून द्रव किती सहज वाहतो हे डार्सी या एककात मोजतात. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूतून पाणी पाझरवून हा नियम मांडला. बाडमेरच्या मंगला क्षेत्रातला वाळूचा खडक कित्येक डार्सींचा आहे. त्याच खोऱ्यातल्या ‘बाडमेर हिल’ नावाच्या थरात हीच क्षमता हजारो पटींनी कमी भरते. घट्ट खडकांचं मोजमाप मिलिडार्सीच्या (डार्सीच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणि त्याखाली चालतं. तेल आहे, छिद्रंही आहेत, पण एका छिद्रातून दुसऱ्यात जायची वाट केसाहून कितीतरी बारीक.

तेलाच्या खडकात पाणी सोडल्याने तेल वाढतं हा शोध एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात अपघातानेच लागला. जुन्या विहिरींच्या फुटक्या नळ्यांतून वरचं पाणी तेलाच्या थरात शिरलं आणि शेजारच्या विहिरींचं उत्पादन वाढलं. आज जगभरात तेल काढण्याची ही सर्वांत रुळलेली पद्धत आहे. आपल्या मुंबई हायला समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून खाली सोडतात. घट्ट खडकात मात्र हे गणित सरळ सुटत नाही. तिथं तेल वाहतं व्हावं म्हणून आधीच खडक फोडून भेगा केलेल्या असतात, आणि दाबलेलं पाणी छिद्रांत शिरण्याऐवजी त्या भेगांतून धावत थेट शेजारच्या विहिरीत जाऊन पोचतं. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कोरड्या बोअरवर जलभंजन करते, म्हणजे दाबाने पाणी सोडून पाषाणातल्या भेगा मोकळ्या करते. मांजऱ्या खडकात कधी त्याने बोअरला पाणी वाढतं. कधी भेग भलतीकडेच उघडते आणि बोअर होता तसाच कोरडा राहतो. पाणी त्याला सापडलेल्या वाटेने जातं, आपण आखलेल्या वाटेने जाईलच असं नाही. हजार-दोन हजार मीटर खोल तेलाच्या खडकातही तसंच.

अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या बाकेन थरात पाणी दाबण्याचे प्रयोग त्यामुळेच फारसे यशस्वी झाले नाहीत. सीमेपलीकडे कॅनडाच्या सस्कॅचवानमध्ये त्याच बाकेनचा व्ह्यूफील्ड भाग थोडा मोकळा आहे, तिथं मात्र या पद्धतीने उत्पादनाची घसरण थोपवता आली. चीनने ऑर्डोस खोऱ्यातल्या चांगचिंग तेलक्षेत्रात वेगळी वाट धरली. तेल काढायला सुरुवात करण्याआधीच पाणी भरून खडकाचा दाब वाढवून ठेवायचा, म्हणजे दाब पडून बारीक वाटा मिटत नाहीत. आणखी एक रीत आहे. एकाच विहिरीत पाणी भरायचं, काही आठवडे ती बंद ठेवायची आणि मग उघडायची. ज्या खडकाचा ओढा पाण्याकडे असतो तो ते पाणी बारीक छिद्रांत स्वतःहून शोषून घेतो आणि तिथलं तेल भेगेत ढकलतो. खडकाचा ओढा तेलाकडे असला तर पाण्यात साबणासारखी रसायनं मिसळून तो बदलावा लागतो. मला या सगळ्यात ही रीत सर्वांत आशेची वाटते. ती दांडगाईने कमी आणि सबुरीने जास्त चालते, आणि फुटक्या खडकात पाणी पळून जाण्याचा धोकाही तिच्यात कमी.

आता पाणी कुठलं? पाण्याची भीती काही लोक फुगवून सांगतात, म्हणून आकडा मांडतो. देशात वर्षाला साधारण 2.9 कोटी टन कच्चं तेल निघतं. त्याचं आकारमान सुमारे 3.4 कोटी घनमीटर. हे सगळं तेल काढून तेवढंच पाणी जागेवर भरलं, तर लागतं सव्वा टीएमसीच्या आसपास. कोयना धरण 105 टीएमसीचं आहे. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट पाणी फिरवावं लागतं, पण त्यातलं बहुतेक तेलाबरोबरच वर येतं आणि पुन्हा खाली सोडता येतं. तेव्हा तेलासाठी देशाच्या नद्या आटतील हे काही खरं नाही. प्रश्न जागेचा आहे. सव्वा टीएमसी कोयनेला किरकोळ असेल, पण माण-खटावने एकेका टीएमसीसाठी पिढ्या घालवल्या आहेत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, जिहे-कठापूर ही उपसा सिंचन योजनांची नावं उच्चारली की आपल्याकडे मोर्चे, उपोषणं आणि निवडणुका आठवतात. खडक फोडण्यासाठीच एकेका आडव्या विहिरीला अर्ध्या कोटीपासून सहा कोटी लिटरपर्यंत पाणी लागल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. आपल्या घट्ट खडकांपैकी मोठा भाग वाळवंटात आहे. तिथल्या एखाद्या गावाचा पाण्याचा स्रोत एका विहिरीने वर्षभरासाठी रिकामा केला, तर देशाची सरासरी त्या गावाच्या काय कामाची?

सुदैवाने इथं विज्ञान गावाच्या बाजूने उभं आहे. घट्ट खडकांत चिकणमातीची खनिजं भरपूर असतात. त्यातलं एक माँटमोरिलोनाइट, म्हणजे आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात असतं तेच. ते पाण्याने फुगतं आणि सुकलं की भेगाळतं. खोल खडकात गोडं पाणी सोडलं की तिथली ही माती फुगते आणि आधीच केसासारख्या असलेल्या वाटा बुजवून टाकते. खारं पाणी तसं करत नाही. त्यामुळेच अशा विहिरींत पाण्यात मुद्दाम पोटॅशियम क्लोराइडसारखं मीठ घालतात. क्षारांचं प्रमाण मोजून-मापून कमी केलेलं पाणी काही खडकांत जास्त तेल सोडवतं, हेही प्रयोगशाळांत दिसलेलं आहे, पण तिथंही पाणी त्या खडकाला पाहून घडवावं लागतं. नदीचं उचलून ओतायचं, असं होत नाही. मंगला क्षेत्रासाठी थुंबली इथल्या खाऱ्या भूजलाचा वापर होतो, ते माणसाच्या आणि पिकाच्या उपयोगाचं नाही. रखरखीत बाडमेरात हे जमलं, तर इतरत्र गोड्या पाण्याची सबब चालवून घेऊ नये. पिण्याचं किंवा शेतीचं पाणी या कामाला वापरायला कायद्याने सरळ बंदी घालावी आणि वर आलेलं पाणीच पुन्हा वापरणं सक्तीचं करावं. कंपन्यांना यात काही अशक्य मागितलं जात नाही.

दाबाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि माझी खरी काळजी तिथंच आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला 6.3 रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसं गेली, गावंच्या गावं पडली. धरणात पाणी साठायला सुरुवात होऊन तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. गेल्या सहा दशकांच्या अभ्यासातून जे पुढे आलं ते असं: खालच्या खडकात भेगा होत्या आणि त्यांच्यावर ताण आधीपासूनच होता. जलाशयाचा भार आणि त्याहीपेक्षा भेगांतून खोलवर पोचलेला पाण्याचा दाब यांमुळे त्या भेगा सुटायला निमित्त मिळालं. आजही पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या महिन्यांत धक्क्यांची संख्या वाढते, आणि हे धक्के साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यातच होतात. 1985 पासून वारणेचं धरण भरू लागलं तसा धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला, सांगलीच्या हद्दीकडे सरकला.

शंभर मीटर उंच पाण्याचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दहापट, म्हणजे दहा वातावरणांएवढा भरतो. तेलाच्या विहिरीत पाणी दाबणारे पंप सहज शंभर वातावरणांपलीकडे जातात. नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवून घाबरवणं मात्र चूक ठरेल. धरणाचा दाब शेकडो चौरस किलोमीटरवर आणि वर्षानुवर्षं असतो, विहिरीचा दाब थोड्या अंतरावर विरतो. शिवाय तेलक्षेत्रात पाणी आत जातं तसं तेल-पाणी बाहेरही येतं, त्यामुळे एकूण दाब सांभाळता येतो. हा तोल सांभाळला तर जगभरच्या बहुतेक क्षेत्रांत काही घडत नाही. तोल सुटला तर काय होतं हे अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात दिसलं. तिथं तेलाबरोबर आलेलं प्रचंड खारं पाणी खोल थरात नुसतं टाकून दिलं जात होतं, बदल्यात त्या थरातून काहीच बाहेर येत नव्हतं. 2011 मध्ये तिथल्या प्राग गावाजवळ आणि 2016 मध्ये पॉनीजवळ साडेपाचच्या वरचे भूकंप झाले. एरवी वर्षाला तीन रिश्टरचे दोन-तीन धक्के बसणाऱ्या राज्यात 2015 या एका वर्षात असे शेकडो धक्के मोजले गेले. राज्याच्या नियामकाने टाकण्याचं पाणी कमी करायला लावलं आणि धक्के उतरले.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते कोलोरॅडोतल्या रेंजलीचं उदाहरण. ते तेलक्षेत्रच होतं, आणि तिथं तेल वाढवण्यासाठीच पाणी दाबत होते. लहान धक्के बसू लागल्यावर 1969 ते 1973 या काळात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने तिथं प्रयोग केला. पाण्याचा दाब ठरवून वाढवला, ठरवून उतरवला. खडकाची ताकद मोजून शास्त्रज्ञांनी सुमारे 257 बार (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण) हा दाब धोक्याची रेषा म्हणून काढला होता. दाब तिच्यावर गेला की धक्के वाढले, खाली आला की जवळजवळ थांबले. म्हणजे हा धोका आंधळा नाही. दाब मोजला आणि धक्के मोजले तर तो आटोक्यात ठेवता येतो. मात्र मोजमापाच्या दोन्ही वह्या एकाच टेबलावर असायला हव्यात. दाबाची नोंद कंपनीच्या कपाटात आणि धक्क्यांची नोंद सरकारी वेधशाळेत पडून राहिली, तर संबंध लक्षात येईपर्यंत वर्षं निघून जातात.

यावर कंपन्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ही व्यावसायिक गुपितं आहेत. खडकाचे नकाशे, रसायनांची नेमकी मात्रा, विहिरींची आखणी ही गुपितं असतील, त्यांना हात लावायचं कारण नाही. पण विहिरीच्या तोंडाशी दाब किती आणि आत गेलेलं पाणी किती, यात कसलं गुपित आलं? टेक्सासात दर विहिरीचे महिन्यागणिक आकडे नियामकाकडे द्यावे लागतात आणि ते सर्वांना खुले असतात. तिथल्या तेल कंपन्या काही दिवाळखोरीत निघाल्या नाहीत. आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारच्या, म्हणजे जनतेच्या मालकीचं आहे. ते काढण्यासाठी जमिनीत काय घातलं जातं हे मालकाला कळायलाच हवं.

असे आकडे लोकांना कळणार नाहीत, उगाच घबराट होईल, हा दुसरा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. 2019 च्या महापुरानंतर सांगलीतला शाळकरी पोरगाही आयर्विन पुलाची पातळी सांगतो. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका, हे घराघरांत पाठ आहे. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि अलमट्टीत किती साठलं, यावर पारावर चर्चा होते, आणि ती चर्चा बऱ्याचदा नेत्यांच्या भाषणांपेक्षा नेमकी असते. आकडे मिळायला लागल्यापासून अफवा कमी झाल्या, लोक वेळेवर घरं सोडू लागले. घबराट पसरते ती आकडे दडवल्याने.

तेल जमिनीतच राहू द्यावं, हवामान आधीच बिघडलं आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझं मूळ वैर नाही. पण आज आपल्याकडे उसाचा ट्रॅक्टर, एसटी, ट्रक सगळं डिझेलवर चालतं आणि ते डिझेल बहुतेक परदेशी तेलाचं आहे. ते तेलही कुठल्या तरी खडकातूनच निघतं, तिथल्या लोकांना धोका पत्करायला लावूनच. तो आपल्या डोळ्यांआड आहे एवढंच. विजेवरची वाहनं यायला हवीत आणि लवकर यायला हवीत. तोवरची काही दशकं आपलं तेल आपल्या नियमांनी काढणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि हा प्रश्न कायम राजस्थान-गुजरातपुरताच राहील असंही नाही. बडोद्याजवळच्या पादरा क्षेत्रात तेल निघतं ते दख्खनच्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या भेगांतून, म्हणजे सह्याद्री ज्याचा झाला आहे त्याच खडकातून. साताऱ्यात तेल सापडेल असं मला म्हणायचं नाही. पण कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडायचा आणि तिथं त्याचा दगड करायचा, ही पद्धत आइसलँडमध्ये चालू आहे, आणि दख्खनचा पाषाण त्यासाठी कितपत चालेल याचा अभ्यास आपल्या देशातले शास्त्रज्ञ करत आहेत. त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे 25 टन पाणी लागतं. उद्या कुणी हा प्रस्ताव घेऊन आपल्या दाराशी आलं, तर तेव्हाही हेच विचारावं लागेल: कुठलं पाणी, किती, किती दाबाने? तेलासाठी आज जो नियम होईल तोच तेव्हा आपल्याला लागू होणार आहे.

या कामात सातारा जिल्ह्याला देण्यासारखंही काही आहे. कराडजवळ हजारमाचीला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स संशोधन प्रयोगशाळा आहे. तिने कोयनेच्या परिसरात सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं आहे. सव्वा किलोमीटरच्या आसपास पाषाण आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. खोल खडकातला ताण, तिथलं पाणी, तिथले बारीक धक्के मोजण्याचं कौशल्य असलेली माणसं आपल्या देशात कमी आहेत आणि त्यांतली काही इथं काम करतात. घट्ट खडकात पाणी दाबण्याच्या परवान्याआधी अशा तज्ज्ञांचा अभिप्राय घेणं बंधनकारक असावं, आणि तो अभिप्राय देणाऱ्यांचा पगार कंपनीकडून येऊ नये.

सर्वांत आधी मात्र यंत्रं बसली पाहिजेत. कोयनेच्या बाबतीत धरणाआधी परिसरात भूकंपमापकांचं जाळं नव्हतं. पाणी साठू लागल्यावर लोकांना धक्के जाणवायला लागले, तेव्हा कुठं यंत्रं आली. आधीची नोंदच नसल्याने धरणामुळे भूकंप झाला की तो व्हायचाच होता, हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि घरं पडलेल्या माणसांना त्या वादात नीट उत्तर कधीच मिळालं नाही. बाडमेर आणि खंभातमध्ये ही चूक पुन्हा होऊ नये. घट्ट खडकाच्या ज्या पट्ट्यात पाणी दाबायचं असेल तिथं पहिला पंप सुरू होण्याच्या किमान दोन वर्षं आधी भूकंपमापकांचं दाट जाळं हवं, आसपासच्या विहिरींच्या पाण्याची पातळी आणि क्षार तपासून नोंदलेले हवेत, आणि हे सगळं पंपाच्या दाबाशेजारी एकाच ठिकाणी जाहीर व्हावं. खर्च कंपनीने करावा, यंत्रं सरकारच्या ताब्यात असावीत. ठरलेल्या रेषेवर धक्के गेले की दाब कुणी आणि किती तासांत उतरवायचा, हेही परवान्यातच लिहिलेलं असावं, म्हणजे त्या दिवशी कुणाच्या फोनची वाट पाहत बसावं लागणार नाही.